चंद्राक्काची बाही

चंद्राक्का गेल्याचं मला दीड महिन्याने कळलं. तिच्या मुलीचा, सुमाचा, हासनहून फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. म्हैसूरचं घर आवरताना माळ्यावर माझी एक पत्र्याची पेटी सापडली, ती ठेवायची की टाकायची, एवढंच तिला विचारायचं होतं. बोलता बोलता म्हणाली, "अम्मा गेल्यापासून घर बंदच आहे." मी म्हटलं, "गेल्यापासून म्हणजे?" ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का वो?"

मला सांगणारं तिथं आता कुणी राहिलं नव्हतं. पेटी टाकून दे म्हटलं आणि फोन ठेवला.

चंद्राक्काचं चरित्र मला सांगता येणार नाही. तिचा जन्म कधीचा, लग्न कोणत्या साली झालं, नवरा कशाने गेला, यातलं मी काही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तीन वर्षं मी तिच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. त्या तीन वर्षांत जे पाहिलं, ऐकलं, तेवढंच माझ्याकडे आहे.

म्हैसूरला मी नोकरीसाठी गेलो. कृष्णराजनगरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, भातशेतीच्या मधोमध, विमान चालवायला शिकवणारी एक खाजगी संस्था होती. दोन छोटी विमानं, एक शेड, पत्र्याच्या छपराचं ऑफिस आणि एक आखूड धावपट्टी, एवढाच तिचा पसारा. मी तिथं स्टोअर सांभाळायचो. म्हणजे तेलाच्या डब्यांपासून झाडूपर्यंत काहीही संपलं की ते आणून ठेवणारा माणूस मी. राहायला जागा मिळाली ती जयलक्ष्मीपुरममधल्या एका मागच्या गल्लीत. खालच्या ओसरीवर शिलाई मशीन, वर माझी खोली.

पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये भाड्याची विचारपूस केली. मशीनवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही मराठी, अल्वा?"

अल्वा म्हणजे 'हो ना', एवढं कन्नड मला येत होतं. मी हो म्हटलं.

"मग मराठीच बोला की. आम्ही पण मराठीच. बन्नी, बन्नी, आत या."

तिचे पूर्वज कधीतरी पंढरपूरच्या बाजूने सुईदोरा घेऊन खाली उतरले होते. कितव्या पिढीत, हे विचारलं की ती "गोत्तिल्ला" म्हणून हात उडवायची. माहीत नाही, आणि त्यानं काही अडतही नाही, असं दोन्ही त्यात यायचं. घरात विठ्ठलाची तसबीर, बोलण्यात अर्धं कन्नड. माझ्या मराठीला ती हसायची. "तुम्ही बोलता ते पुस्तकातल्यासारखं वाटतं. भांडायला येत नसेल तुम्हाला." सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करत होतो. तिनंच एकदा दटावलं, "अक्काला कुणी तुम्ही म्हणतंय का?" म्हणून मी 'अक्का' आणि 'तू'वर आलो. ती मात्र मला शेवटपर्यंत तुम्हीच म्हणत राहिली, कारण मी नोकरीवाला माणूस. नाव घ्यायची नाही. "कऱ्हाडवाले" अशी हाक मारायची.

ब्लाउज, परकर, झबली यांच्या वाटेला चंद्राक्का कधी गेली नाही. "त्याला गल्लीत चार बायका आहेत," म्हणायची. तिचं काम जाड. शाळेची दप्तरं, स्कूटरच्या सीटची कव्हरं, मांडवाची कनात, भाजीवाल्यांच्या डोक्यावरची ताडपत्री. नवरा मांडववाल्यांकडे शामियाने शिवायचा, त्याच्यामागे ते भलंमोठं काळं मशीन तिच्याकडे आलं. ते चालू झालं की माझ्या खोलीतली पाण्याची कळशी हलायची.

तिची एक रीत होती. दप्तर शिवून झालं की त्यात ती वरवंटा घालायची आणि ओसरीवरच्या खुंटीला दिवसभर टांगून ठेवायची. पट्टा सुटला नाही तरच गिऱ्हाईकाला द्यायची. मी म्हटलं, "अक्का, एवढी पुस्तकं कुणी नेत नाही."

"पुस्तकं कुठं? पोरं दगडंच नेतात," ती म्हणाली. "माझ्या सुमानं नेली आहेत."

तिच्या या हट्टामागे एक जुनी गोष्ट होती. तिचा नवरा तरुण असताना एका लग्नात त्याचा मांडव एका बाजूने उसवून खाली आला. कुणाला लागलं नाही, वऱ्हाडातली माणसं कापडाखालून हसतच बाहेर निघाली. पण पुढं वीस वर्षं लोक त्याला 'मांडव पाडलेला शिंपी' म्हणून ओळखत राहिले. त्यानं बायकोला मशीन शिकवलं तेव्हा पहिला धडा हाच दिला, की एक टीप लोकांसाठी आणि दुसरी आपल्यासाठी. अक्का प्रत्येक शिवणीवर दोन टिपा मारायची ती त्यामुळं. पण शिवलेलं उसवायचंच नाही, असा तिचा हट्ट नव्हता. उसवायला ती कधी मागेपुढे बघायची नाही. विठ्ठलाच्या देवळातलं छत तिनं शिवून दिलं होतं. उत्सवाच्या आदल्या सकाळी ते वर बांधून झालं आणि खाली उभं राहून बघताना तिला एक शिवण तिरकी दिसली. तिनं छत उतरवायला लावलं. देवळातले कारभारी हातघाईवर आलेले. त्यांच्यातला एक म्हणाला, "अक्का, राहू दे की. वर कोण बघतंय?"

"दुपारी इथं म्हातारी माणसं उताणी झोपतात," ती म्हणाली. "त्यांना दुसरं काय बघायला आहे?"

संध्याकाळपर्यंत तिनं शिवण उसवून सरळ करून दिली. काम संपलं की कापडावर दोनदा थाप मारायची आणि म्हणायची, "आयतु." झालं. तो शब्द ऐकला की मला वर खोलीत कळायचं, अक्का आता जेवायला उठेल.

विमानाशी तिचा संबंध आणला तो मी. धावपट्टीच्या कडेला उंच खांबावर वारा दाखवणारी कापडी पिशवी असते. विंडसॉक म्हणतात तिला. वारा तोंडातून शिरतो, पिशवी फुगते, आणि वैमानिकाला वरून कळतं की वारा कुठून कुठं चाललाय आणि किती जोराचा आहे. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं असतं. वारा पाठीमागून असेल तर विमान लवकर थांबत नाही. आमची पिशवी फाटली होती आणि बाहेरून मागवलेली येता येत नव्हती. मी जुनी पिशवी घेऊन अक्कापुढं ठेवली.

तिनं ती मशीनवर पसरली, घेर मोजला, बारीक टोकापर्यंत बोट फिरवलं.

"ही बाही आहे," ती म्हणाली. "एवढी मोठी बाही कुणाच्या हातात घालता?"

मी समजावून सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव बाहीच पडलं. छत्रीचं भगवं आणि पांढरं कापड आणून तिनं दोन दिवसांत नवी बाही शिवली. ती खांबावर चढवायच्या दिवशी आमचे मुख्य प्रशिक्षक, कॅप्टन माचय्या, यांनी तिला मुद्दाम जीप पाठवून बोलावलं. माचय्या कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. साठीला आलेले, उंच, मिशा पांढऱ्या, बोलणं मऊ. शिकणाऱ्या मुलांवर त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. त्यांनी अक्काला खुर्ची दिली, विमान जवळून दाखवलं, आत बसायचंय का विचारलं. ती "बेड" म्हणाली, नको. खुर्ची उचलून खांबाकडे तोंड करून बसली आणि सकाळभर बाहीकडे बघत राहिली. दोनदा विमान उडालं, उतरलं, तिनं मान वळवली नाही.

परत येताना मी म्हटलं, "अक्का, विमान बघितलंच नाहीस."

"विमान कंपनीनं केलंय. बाही मी केली आहे," ती म्हणाली.

माचय्यांना ती आवडली. मला भेटले की विचारायचे, "आपल्या टेलर अम्मा कशा आहेत?" आणि ती विचारायची, "ते मिशावाले बरे आहेत ना?" यापलीकडे त्या दोघांची ओळख नव्हती. पण असं लांबून एकमेकांना विचारत राहणंही एक नातंच असतं.

छत्रीचं कापड हलकं. उघड्या माळावरच्या वाऱ्यात दिवसरात्र फडफडून तीन-चार महिन्यांत त्याच्या टोकाच्या चिंध्या झाल्या. अक्कानं दुसरी शिवली, तीही तशीच गेली. खांबावर चढायला माणूस शोधायचा, सगळं काम थांबवायचं, हे मला दर वेळी नकोसं व्हायचं. पावसाळ्याच्या तोंडावर तिसरी शिवायची वेळ आली तेव्हा मी ओसरीवर उभ्या उभ्या तिला म्हणालो, "अक्का, या खेपेला अशी कर की वर्षभर बघायला नको."

हे वाक्य माझं आहे. ते मी अनेकदा मनात उलटंपालटं करून बघितलं, त्यात वावगं काही सापडत नाही. कुणीही म्हणेल असंच आहे.

अक्काला तर तेच हवं होतं. तिनं दप्तराचं जाड कापड घेतलं, तोंडाशी अस्तर लावलं, प्रत्येक शिवणीवर दोन टिपा मारल्या आणि टोकाला दोन बोटं रुंद दुमड घातली. थाप मारून "आयतु" म्हणाली. बाही देखणी झाली होती. खांबावर चढवली त्या दिवशी वारा चांगला होता, ती फुगून आडवी झाली. माचय्या कपाळावर हात धरून बराच वेळ वर बघत होते. मग मला म्हणाले, "स्वल्प जड वाटते, अल्वा?" मी म्हटलं, "सर, टिकेल." ते हसले. "टिकेल तर खरंच. पावसाळा संपला की बघू," म्हणाले आणि वर्गावर गेले.

ते मी अक्काला सांगितलं नाही. एवढं कौतुकानं शिवलेलं, लगेच उणं काय काढायचं, असं वाटलं.

तो दिवस श्रावणातला होता. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि ऊन यायच्या बेतात होतं. माचय्या एका विद्यार्थिनीला घेऊन सरावाला गेले होते. मेघना तिचं नाव, दावणगेरेची. वाऱ्याचा वेग मोजणारं आमचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळं भिस्त बाहीवरच. मी स्टोअरच्या दारात उभा होतो. विमान नेहमीच्या दिशेनं, पूर्वेकडून पश्चिमेला उतरायला आलं. आमच्याकडे बहुधा वारा पश्चिमेचा, म्हणून ती दिशा. ते जरा उंचावरून येतंय असं वाटलं. धावपट्टी अर्धी सरली तरी चाकं टेकेनात. टेकली तेव्हा पुढं ओली पट्टी थोडीच उरली होती. ब्रेक लागल्याचा आवाज आला, विमान घसरत गेलं, पट्टी संपली तरी थांबलं नाही. कुंपणाची तार ओढत ते शेतात उतरलं, पुढचं चाक बांधात रुतलं आणि सबंध विमान सावकाश, एखादी खुर्ची कलंडावी तसं, पाठीवर पडलं.

आग लागली नाही. आम्ही सगळे धावलो. मेघना आमच्या देखतच रांगत बाहेर आली, गळपट्टीचं हाड मोडलं होतं. माचय्यांना काढायला वेळ लागला. त्यांच्या डोक्याला मार होता. डोळे उघडे होते. मला ओळखलं असावं.

त्यांना दवाखान्यात पोचवून मी दुपारी घरी आलो तो गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. अक्का मशीनवर होती. मी सांगितलं. तिनं हातातलं कापड बाजूला ठेवलं, मेघनाचं विचारलं, माचय्यांचं विचारलं. मग म्हणाली, "बाही कुठं बघत होती?"

"लोंबत होती."

"मग वारा नव्हता म्हणायचा."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"वारा होता," मी म्हटलं. "मी विमानामागं पळालो तेव्हा माझ्या पाठीवर लागत होता. जोराचा नव्हता. पण होता."

ती उठून आत गेली. येताना दोन कापडांचे तुकडे घेऊन आली, एक छत्रीचं, एक दप्तराचं. दप्तराचा तुकडा तिनं पाण्याच्या बादलीत बुडवला, पिळला, दोन बोटांत धरून वर उचलला. तो तसाच जड लोंबत राहिला.

"कुणी काही बोललं होतं का, बाहीबद्दल?" तिनं विचारलं.

तेव्हा मी माचय्यांचं वाक्य सांगितलं.

"त्याच दिवशी सांगायचं होतं की वो," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "एका दिवसाचं काम होतं. उसवून दिली असती."

माचय्या नऊ दिवस होते. दहाव्या दिवशी गेले. ते नऊ दिवस अक्का रोज सकाळी देवळात जाऊन बसायची आणि मी परत आलो की दारातच विचारायची. दहाव्या दिवशी तिनं विचारलं नाही. माझ्या चपला काढण्यावरूनच तिला कळलं असेल.

चौकशीला दिल्लीहून एक अधिकारी आले. सभ्य गृहस्थ, सावकाश बोलणारे. आमच्या व्यवस्थापकांनी मला आदल्या दिवशीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की विचारलं तेवढंच सांगा, विंडसॉकचा विषय आपणहून काढू नका. मी काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फाटकावरच्या पहारेकऱ्यानं निरोप आणला की एक म्हातारी आली आहे, आत सोडा म्हणते. अक्का दोन बस बदलून, रस्त्यापासूनचं अंतर चालत आली होती. लग्नाला नेसावी तशी रेशमी साडी, हातात कापडी पिशवी.

अधिकाऱ्यांना कन्नड येत नव्हतं, तिला हिंदी येत नव्हती. मला दुभाषी म्हणून उभं केलं.

"त्यांना सांगा," ती मला म्हणाली, "ती बाही मी शिवली."

मी सांगितलं. तिनं पिशवीतून ते दोन तुकडे काढले, टेबलाच्या कडेला एकाशेजारी एक धरले आणि फुंकर घातली. छत्रीचं कापड उडून तिच्या मनगटावर पडलं. दप्तराचं जागचं हललं नाही. तिनं दुसऱ्यांदा फुंकर घातली, जोरात. अधिकारी खुर्चीतून उठले, तिच्या हातातून जाड तुकडा घेतला आणि तळहातावर तोलून बघितला.

"एवढं जाड कापड घ्यायला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी तिला मराठीत सांगितलं.

"कुणी नाही," अक्का म्हणाली. "माझी खोड आहे ती. मजबूत करायची. ह्यांना काही माहीत नाही, हे नुसते घेऊन गेले." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हं, सांगा त्यांना."

मी तिचं वाक्य हिंदीत केलं. शब्दाला शब्द. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. पंखा फिरत होता, छत्रीचं कापड टेबलावरून खाली पडलं, ते अक्कानं वाकून उचललं. ती वाकलेली असताना मी म्हटलं, "साहेब, हे खरं नाही. मजबूत कर असं मी सांगितलं होतं. आणि जड आहे हे कॅप्टन मला बोलले होते." हे हिंदीत बोललो, तरी तिला कळलं. पिशवीत कापड भरता भरता म्हणाली, "सुम्ने, उगीच मधे कशाला बोललात? मी सांगितलं होतं ना."

परतीच्या बसमध्ये ती माझ्याशी बोलली नाही. जयलक्ष्मीपुरमच्या थांब्यावर उतरताना मात्र माझ्या दंडाला धरून उतरली. एरवी ती कुणाला धरायची नाही.

त्यानंतर महिनाभरानं ती माचय्यांच्या घरी जाऊन आली. मला सांगून गेली नाही, आल्यावर सांगितलं. त्यांच्या पत्नी कावेरम्मा फाटकाशी फुलं तोडत होत्या. अक्कानं आपण कोण, काय शिवलं, ते सांगितलं. कावेरम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नीवु होगी." तुम्ही जा. आणि फाटकाला आतून कडी घातली.

"बरोबर आहे त्यांचं," अक्का म्हणाली. "मी असते तर कडी घालायच्या आधी काही फेकून मारलं असतं."

काम तिनं थांबवलं नाही. थांबवून कसं चालेल, दप्तरांचे दिवस होते. पण हात बदलला. एक शिवण घातली की थांबायची, कापड उचलून हातावर तोलायची. ताडपत्री घ्यायला आलेल्या भाजीवाल्याला विचारायची, "ही पडली तर कुणाला लागेल का?" तो गोंधळून बघत राहायचा. दप्तरं खुंटीला टांगलेली राहायची दोन-दोन दिवस, गिऱ्हाईक दारात उभं. एकदा मी वरून ऐकलं, मशीन थांबलं, थाप ऐकू आली, एकच. पुढं काही नाही. मी जिन्यापर्यंत आलो. ती दोन्ही हात कापडावर ठेवून बसली होती. मी परत वर गेलो.

चौकशीचा अहवाल यायला वर्ष लागलं. त्यात लिहिलं होतं की विमान उंच आणि वेगात आलं, पट्टीवर फार पुढं टेकलं, वारा पाठीमागून होता, पट्टी ओली होती. अशा वेळी प्रशिक्षकांनी न उतरता पुन्हा वर जायला हवं होतं. शेवटाकडे एक ओळ होती, की वारा दाखवणारी पिशवी जड कापडाची असल्यानं हलक्या वाऱ्यात उपयोगी पडली नाही. मी अक्काला मराठीत वाचून दाखवलं. ती पदर दोन्ही हातांत धरून ऐकत होती.

"माझं नाव आहे का त्यात?"

"नाही."

"पुन्हा बघा."

मी पुन्हा पानं चाळली. "नाही अक्का. पिशवी एवढंच आहे."

"मी एवढी जाऊन सांगून आले," ती म्हणाली, आणि बराच वेळ मला समजेना की तिला बरं वाटलंय की अपमान झालाय.

माझं नाव होतं. संस्थेनं महिन्याभरात मला निरोप दिला. अन्याय केला असं मी म्हणणार नाही. कऱ्हाडला परत जायचं ठरलं, गाडीचं आरक्षण झालं, आणि त्याच आठवड्यात कावेरम्मांचा फोन आला. आवाज शांत होता.

"त्या शिवणाऱ्या बाईंना एकदा घेऊन याल का?" त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. पुढं म्हणाल्या, "अहवाल मी वाचला. सगळं ह्यांच्यावरच आहे. संस्था म्हणते त्यांची चूक, सरकार म्हणतं त्यांची चूक. माझ्या दारात येऊन, माझंही आहे, असं म्हणणारी ती एकटीच. तिला मी हाकलून दिलं."

मी निघायच्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. माझं सामान स्टेशनवर ठेवून झालं होतं, एका मित्राची मागून आणलेली स्कूटर संध्याकाळी त्याला परत द्यायची होती. अक्का मागं बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. वाटेत एकदाच म्हणाली, "काय बोलायचं वो?" मी म्हटलं, "त्या बोलतील." फाटक उघडंच होतं. मी बाहेर थांबलो. तिनं पायरीवर चपला काढल्या, त्या एकाशेजारी एक नीट लावल्या आणि आत गेली.

खिडकीतून त्या दोघी दिसत होत्या. समोरासमोर नव्हे, एकाच लांब बाकावर, मधे एका माणसाची जागा सोडून. कावेरम्मा उठून आत गेल्या, दोन पेले घेऊन आल्या. मग दोघी खाली मान घालून बसून होत्या. अर्ध्या तासानं अक्का बाहेर आली. कावेरम्मा दारापर्यंत आल्या, चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली.

फाटकाबाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. कॉफी दिली." ती थोडं चालली. मग म्हणाली, "साखर घालायची विसरल्या त्या. त्यांच्या पण पेल्यात नव्हती. त्या तशाच पीत होत्या. मी पण काही बोलले नाही. सगळी प्यायले."

मी स्कूटर काढली. ती बसेना.

"तुमची गाडी चुकेल," म्हणाली. "जा तुम्ही. मी जाते चालत. लांब नाही."

चांगलंच लांब होतं. पण तिच्या आवाजावरून मी आग्रह केला नाही. वाकून पायाला हात लावला, तिनं पाठीवर हात ठेवला आणि उचलला. मग झाडांच्या सावलीच्या बाजूनं ती निघाली. पदर खांद्यावरून घेतलेला, एक पाय किंचित ओढत. कोपऱ्यावर पेरूवाल्याची गाडी आडवी लागली होती. ती थांबली, गाडीला वळसा घातला, आणि पलीकडे गेली.